मधलं गाव

आबाजींच्या गोष्टीतलं भांडण हमखास उन्हाळ्यात लागायचं. कठाणी नदी आटलेली, पात्रात जागोजागी नुसते डोह उरलेले, आणि त्यातल्या एका मोठ्या डोहातले मासे कुणाचे यावरून दोन गावं दोन काठांवर कुऱ्हाडी घेऊन उभी. आम्ही पोरं अंगणात बाजांवर पडून ऐकायचो. चांदणं असलं की आबाजी गोष्ट लांबवायचे, अंधार असला की लवकर आवरायचे. त्यामुळे त्या भांडणाचे दोन-तीन शेवट मला ठाऊक आहेत. मधला भाग मात्र कधी बदलला नाही.

आमचं घर आरमोरीचं, कोष्ट्याचं. आबाजी मागावरची लुगडी, पंचे आणि मिठाची पोती रेंगीवर लादून पूर्वेकडच्या बाजारांना जायचे: रांगी, धानोरा, मुरूमगाव. येताना मोहफुलं, चारोळी, हिरडा आणायचे. एका फेरीला दहा-बारा दिवस लागत. ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. दोन्ही गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. ती आजही आहेत आणि आजही एकमेकांकडं मुली देतात.

झालं होतं असं की, उत्तरेकडच्या गावानं कुणाला न सांगता डोहात मासे धरले. दक्षिणेकडची पोरं जाब विचारायला गेली. झोंबाझोंबीत एकाचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी आबाजींची रेंगी पात्रात उतरली, रेतीत चाक रुतलं, आणि वर पाहतात तो दोन्ही दरडींवर माणसं. मागं फिरता येईना, पुढं जाता येईना.

तेवढ्यात खालच्या अंगानं, पात्रातूनच, सहा-सात माणसं चालत आली. पुढं एक बुढा. एकाच्या डोक्यावर मडकं, एकाच्या खांद्यावर तांदळाचं गाठोडं, एकाच्या हातात पाण्याचा तुंबा. खांद्यावर कुऱ्हाड एकाच्याही नाही. जंगलातला गोंड माणूस कुऱ्हाड न घेता घराबाहेर पडला, हेच आबाजींना नवल वाटलं. ती माणसं बरोबर मधोमध आली, तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि भात शिजत ठेवला. वर पाहिलं नाही, कुणाला हाक मारली नाही. भाताला कढ आला तेव्हा वरचा आरडाओरडा हळूहळू थांबला. समोर कुणी जेवायला बसलेलं असताना त्याच्या डोक्यावरून दगड कसा मारायचा?

दिवस कलला तसे उत्तरेकडचे दोघे म्हातारे खाली उतरून आगीपाशी आले. मग दक्षिणेकडचे. त्या दिवशी निवाडा झालाच नाही. फक्त दिवस ठरला, आणि आसपासच्या दहा-बारा गावांना सांगावा गेला. ठरल्या दिवशी मोहाच्या झाडाखाली सगळे बसले ते दोन दिवस. डोहात दोन्ही गावांनी एकाच दिवशी उतरायचं, आधी ढोल वाजवून एकमेकांना कळवायचं, असं ठरलं. हात मोडणाऱ्याच्या घरानं बकरा आणि तांदूळ द्यायचे. तो दंड कुणाच्या घरी जाणार नव्हता. तो तिथंच शिजला आणि सगळ्यांनी मिळून खाल्ला. आणि पहिला दोना, ज्यानं हात मोडला त्यानं, ज्याचा मोडला त्याला वाढायचा. त्या पोराचा उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. त्यानं डाव्या हातानं खाल्लं. आबाजी इथं स्वतःचा डावा हात तोंडाशी न्यायचे, दरवेळी, न चुकता.

त्या बैठकीत आबाजींनी त्या बुढ्याला एक प्रश्न विचारला होता. मी इथं परका, मला ना या गावाचं देणं ना त्या गावाचं घेणं, मग निवाडा माझ्यासारख्याकडून का करून घेत नाही? बुढा हसला. "तू उद्या रेंगी जुंपून जाशीन," तो म्हणाला. "माझी एक लेक या गावात दिली हाये, एक त्या गावात. म्या कुठं जाऊ?"

हे वाक्य समजायला मला अर्धं आयुष्य लागलं.

गोंडांच्यात देवांच्या संख्येवरून कुळं मोजतात: चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची. एकाच संख्येचे देव असणारे भाऊ-भाऊ; त्यांच्यात सोयरीक होत नाही. लेक द्यायची ती वेगळ्या देवांच्या घरी. म्हणजे भाऊ जसे अनेक गावांत विखुरलेले, तसे सोयरेही. अशा पाच-पन्नास गावांचा मिळून एक इलाका किंवा पट्टी. इलाक्याचा मुखिया, गावोगावचे पाटील, भूमिया, गायता आणि जाणते म्हातारे एकत्र बसत. गावात मिटलं नाही ते इलाक्यात यायचं. शिवेचं भांडण, पळवून नेलेली मुलगी, कुणाच्या बैलानं कुणाचं धान खाल्लं, मोहाची झाडं वाटून घेताना झालेली मारामारी. आपल्याकडं न्याय म्हटला की डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई आठवते. इलाक्याचा न्याय उघड्या डोळ्यांचा असतो. बसणाऱ्याला दोन्ही घरांचं सगळं ठाऊक असतं, आणि भांडण पेटलं तर त्याचंही घर जळणार असतं.

पुढं मी शिक्षिका झाले आणि धानोरा तालुक्यातच नोकरीची बरीच वर्षं काढली. नागरिकशास्त्र माझ्याकडं होतं. संयुक्त राष्ट्रांचा धडा शिकवायचा म्हणून एकदा सनद मुळातून वाचायला घेतली. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झालेली ती सनद. तिच्या आठव्या प्रकरणाशी येऊन मी थांबले. कलम ५२ सांगतं की, एखाद्या भागातला तंटा असेल तर सुरक्षा परिषदेकडं नेण्याआधी त्या भागातल्या देशांच्या संघटनेमार्फत तो सामोपचारानं मिटवायचा पुरेपूर प्रयत्न करावा. पुढच्या कलमात अशीही अट आहे की, बळाचा वापर करायचा तर सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय करता येणार नाही. आधी इलाका, मग ठाणं. आणि इलाक्यानं काठी उगारायची नाही. मी वर्गात डोहाची गोष्ट सांगितली आणि मग हे कलम सांगितलं. मागच्या बाकावरच्या, एरवी कधीच तोंड न उघडणाऱ्या एका माडिया मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या देशांच्यात लेकी देतात का?"

उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. देश लेकी देत नाहीत, पण सीमेपलीकडं भाषा, नाती, बाजार, निर्वासित असं बरंच काही देत-घेत असतात. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी पेटली तेव्हा लोंढे शेजारच्या सिएरा लिओन, गिनी, आयव्हरी कोस्टमध्येच गेले. म्हणून तर शेजाऱ्यांच्या संघटनेनं, इकोवासनं, १९९० च्या ऑगस्टमध्ये आपलं सैन्य मन्रोव्हियात उतरवलं. जग त्या वेळी कुवेतकडं पाहत होतं. ते सैन्य मुख्यतः नायजेरियाचं. मोठं गाव मध्ये बसायला आलं की ते आपला डोहही बघून ठेवतं, तसंच तिथं झालं. लुटीचे आरोप झाले, शेजाऱ्यांतलेच काही देश वेगवेगळ्या टोळ्यांना आतून मदत करत राहिले, एकदा शांत झालेलं युद्ध पुन्हा भडकलं आणि २००३ मध्ये शेवटी संयुक्त राष्ट्रांना यावं लागलं. त्याच मोहिमेत जानेवारी २००७ मध्ये भारतानं केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेलेली सर्वस्वी महिलांची ती पहिलीच पोलीस तुकडी. त्याच दलाच्या बटालियन आमच्या धानोऱ्यात रस्त्यावरून जाताना आम्ही रोज पाहत होतो. मन्रोव्हियात मुली या बायांकडं पाहून पोलिसात भरती व्हायला पुढं येतात असं वाचलं तेव्हा अभिमान वाटला. इथं त्याच गणवेशाची गाडी दिसली की माझ्या शाळेतली पोरं खिडकीखाली बसायची, हेही आठवलं.

आपल्या स्वतःच्या इलाक्याचं काय? १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला सार्कची स्थापना झाली, तेव्हा सनदेतच लिहून टाकलं की दोन देशांमधले वादाचे विषय इथं चर्चेला घ्यायचे नाहीत. म्हणजे मोहाच्या झाडाखाली जमायचं, पण डोहाचं नाव काढायचं नाही. २०१४ च्या काठमांडूच्या बैठकीनंतर सार्कचं शिखर संमेलन भरलेलं नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

आफ्रिकी संघानं मात्र एक गोष्ट केली ती आबाजींना फार आवडली असती. शांततेसाठी त्यांनी ज्येष्ठांचं एक मंडळ नेमलं. शहाण्यांचं मंडळच म्हणतात त्याला, आणि सदस्य किती, तर पाच. २००७ मध्ये ते पहिल्यांदा बसलं तेव्हा पाचांत दोन बायका होत्या.

इकडं आपल्या जंगलात इलाका एकदम मोडला नाही. तो हळूहळू बाजूला सारला गेला. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात दूरच्या जमीनदाऱ्या आपापलं बघत. इंग्रज आले आणि जमीनदारांना हाताशी धरून कारभार करू लागले. १८५८ साली मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी त्यांच्याविरुद्ध हत्यार उचललं, तेव्हा त्यांना धरून देण्यासाठी इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीवरच दाब आणला, असं जुने लोक सांगतात. सोयऱ्याकडून सोयऱ्याला धरवायचं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला त्यांना फाशी दिलं. त्यानंतर जंगल राखीव झालं. पूर्वी शिवेवर दोन गावांचं भांडण व्हायचं, आता गावाचं आणि जंगलखात्याचं व्हायला लागलं, आणि त्या भांडणात मध्ये बसायला कुणी नव्हतं. कचेरी चांद्याला. तिथली भाषा मराठी, कागद इंग्रजी, साक्षीदार गोंडी-माडिया बोलणारा. आबाजी सांगायचे की कोर्टात जिंकलेला माणूसही गावात मान खाली घालून परतायचा, कारण निकालानंतर जेवण नव्हतं.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. कचेरी जवळ आली. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८० मध्ये, प्राणहिता-गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांच्या बंदुकाही आल्या होत्या.

याबद्दल घरातली मोठी माणसं फार बोलत नसत. मी जे ऐकलं ते डोहाच्या गोष्टीतल्या बुढ्याच्या मुलाकडून. तोही तोवर म्हातारा झालेला. शाळा सुटल्यावर कधी कधी तो माझ्या खोलीवर यायचा, चहा बशीत ओतून प्यायचा. एकदा त्यानं सांगितलं, इलाक्याची बैठक का बंद पडली. बैठक झाली की दुसऱ्या रात्री नक्षलवाद्यांचं दलम यायचं आणि विचारायचं, काल कोण कोण जमलं होतं? तिसऱ्या दिवशी पोलीस यायचे आणि विचारायचे, परवा कोण कोण जमलं होतं? "दोघायचा बी सवाल येकच," तो म्हणाला, आणि बशी पालथी घातली. चहा अजून अर्धा होता.

जंगलातल्यांनी आपली जनअदालत भरवली. तिथंही निवाडे व्हायचे, काही गरिबाच्या बाजूचे, ठेकेदाराला वठणीवर आणणारेही, हे नाकारून चालणार नाही. तेंदूपानाच्या मजुरीचं त्या काळातलं दुखणं खरं होतं. पण तिथं खबऱ्या ठरवलेल्या माणसाला वाढायला दोना नव्हता. सकाळी रस्त्यावर प्रेत आणि छातीवर चिठ्ठी. आणि निवाडा करणारे त्याच रात्री दुसऱ्या जंगलात निघून गेलेले. पोलिसांचे साहेबही दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे. रेंगी जुंपून जाणारे, दोन्हीकडचे.

१९९० मध्ये पोलिसांनी सी-६० पथक उभारलं, त्यात इथलीच पोरं घेतली. जंगल त्यांच्या पायाखालचं होतं, भाषा घरची होती. म्हणजे आता एका घरचा मुलगा सी-६० मध्ये आणि त्याच घरच्या सोयऱ्याचा दलममध्ये. बुढ्याच्या हिशोबानं पाहिलं तर अख्खा जिल्हाच मधलं गाव झाला होता. प्रत्येकाची लेक दोन्हीकडं. मग मध्ये बसायला कुणी का उठलं नाही? मी याचा खूप विचार केला आहे. डोहावर भांडणारी माणसं स्वतः काठावर उभी होती. त्यांना भूक लागत होती, समोरचा भात दिसत होता. इथं काठावर उभी असलेली पोरं आमचीच होती, पण उतरायचं की नाही हे ठरवणारे फार लांब बसलेले. लांबच्याला भाताचा वास येत नाही. लायबेरियातही टोळ्यांच्या दोऱ्या ज्यांच्या हातात होत्या ते मन्रोव्हियात नव्हते.

२००९ साल आम्ही विसरणार नाही. १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस मारले गेले. २१ मेला हत्तीगोट्याला १६, त्यांत पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७. पहिल्या दोन घटना आमच्या धानोरा तालुक्यातल्या. फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा भाऊ गेला. ती दोन दिवसांनी शाळेत आली, कारण घरी रडायची भीती वाटत होती. भावासाठी रडलं तर हे घर कुणाकडचं ते कळेल. त्या दिवशी मी धडा शिकवला नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून शाळेच्या मैदानावरचा पाचोळा गोळा केला, तासभर, न बोलता.

सरकारला मधली जागा रिकामी झाल्याचं कळत नव्हतं असं नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरची, भाऊबंदकीची, दारूतली भांडणं तिनं खरोखर मिटवली. आमचे हे एका गावच्या समितीवर होते, त्यामुळे रात्री-अपरात्री लोक घरी यायचे ते मी पाहिलं आहे. पण बक्षिसासाठी आकडे दाखवायची घाई लागली की मिटलेल्यापेक्षा मिटवलेलं दाखवणंच वाढायचं. आणि ती योजना गावापाशी थांबत होती. १९९६ च्या पेसा कायद्यानंही परंपरेनं तंटे सोडवायची रीत जपायचा अधिकार दिला तो ग्रामसभेला. गावाच्या वर एकदम पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. इलाक्याला कागदावर घर नाही.

कागदावर नसूनही तो जिथं जागा झाला ती गोष्ट मेंढा-लेखाची. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर मेंढा. देवाजी तोफा यांचं गाव, मोहन हिराबाई हिरालाल यांनी ज्यासोबत अभ्यास केला ते गाव, सगळे निर्णय सर्वसहमतीनं घेणारं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मेंढ्यानं सागाची लाकडं आणून आपलं गोटुल, म्हणजे गावाचं जमायचं घर, उभारलं. जंगलखात्यानं ते पाडलं. मेंढा एकटा असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण आसपासच्या ३२ गावांचा इलाका जमला आणि गावोगावी गोटुल बांधायचं ठरलं. कुणाला मारलं नाही, काही जाळलं नाही. मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहिलं आणि इतर काही गावांतही उभी राहिली. एवढी गोटुलं पाडायला खातं कुठवर जाणार? पुढं ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ते सगळं वर्तमानपत्रांत आलं. मला मात्र त्या गोटुलांचीच बातमी मोठी वाटते.

वनहक्काच्या दाव्यांची धामधूम सुरू झाली तेव्हा मला आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. दावा करायचा म्हणजे शीव दाखवायची, आणि शीव म्हटलं की दोन गावं आलीच. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत याची सोय आहे: पारंपरिक हद्दीवरून दोन गावांचे दावे एकमेकांवर आले, तर दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून पाहणी करायची. नियम लिहिणाऱ्यानं कुठल्या तरी मोहाखालची बैठक बघितली असणार, असं मला वाटतं. एका सुट्टीच्या दिवशी मी त्या पाहणीबरोबर गेले. पुढं दोन्ही गावांची पोरं जीपीएसचं यंत्र घेऊन, मागं दोन म्हातारे. यंत्र एका ठिकाणी सांगत होतं, म्हातारे दुसरीकडं. एका नाल्यापाशी दोघं थांबले आणि बीजाच्या एका जुन्या खुंटाला दोघांनी हात लावला. खुंट अर्धा कुजलेला, वर वारूळ चढलेलं. एक म्हणाला, हा तुमच्या आजानं तोडला. दुसरा म्हणाला, तुमच्या आजाला विचारून तोडला. मग दोघंही तिथंच बसले, तंबाखू मळला, आणि पोरांना म्हणाले, इथला आकडा लिहा. आज गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत. इतक्या शिवा, आणि इतके खुंट. कोरचीत तर गावांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. सूरजागड आणि भामरागडच्या पट्ट्यांनी लोखंडाच्या खाणींवरून आपला विरोध इलाका म्हणूनच मांडला. तो वाद अजून चालू आहे आणि त्यातही मध्ये बसायला कुणी नाही, याची मला काळजी वाटते.

इलाक्याचं मी देव्हाऱ्यात बसवून कौतुक करणार नाही. त्याच मोहाखाली एखाद्या विधवेला चेटकीण ठरवलं गेलं आहे. परजातीत लग्न केलेल्या मुलीला जेवणातून उठवलं गेलं आहे. तिथं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा लागतोच, आणि लागला पाहिजे. शेजारी शेजाऱ्याला जसा सांभाळतो तसा चेपतोही. अशा वेळी लांबचा माणूस हवा, ज्याला कुणाचं भय नाही. सनद लिहिणाऱ्यांनी शेजाऱ्यांवर सुरक्षा परिषद ठेवली ती उगीच नव्हे.

आणि बैठकीत बायका नसायच्या. आबाजींच्या गोष्टीत एकही बाई बोलत नाही. हे मी एकदा आजीला म्हटलं. आबाजी जाऊन वर्ष झालं होतं. ती चुलीपाशी जावा ढवळत बसली होती. "बुढा आपल्या मनानं आलता काय?" ती म्हणाली. आबाजींच्या पुढच्या फेरीत आजीही रेंगीवर गेली होती, लुगडी दाखवायला बाई असली की खपत. त्या दोन्ही गावांच्या बायकांनी तिला सांगितलं होतं. हात मोडला त्या रात्रीच बुढ्याच्या थोरल्या लेकीनं उत्तरेकडच्या गावातून धाकट्या बहिणीला निरोप धाडला, आणि पहाटे पाण्याला जायच्या निमित्तानं दोघी खालच्या डोहाशी भेटल्या. तिथूनच एक पोरगं बापाकडं पळालं. कुऱ्हाडी आणू नका, तांदूळ आणा, हेही त्यांनीच सांगितलेलं. आबाजींना हे कधी कळलंच नव्हतं. म्हणजे पन्नास वर्षं आम्ही अर्धी गोष्ट ऐकत होतो.

पुढं बोगनव्हिलबद्दल वाचताना मला त्या दोघी बहिणी आठवल्या. पापुआ न्यू गिनीतलं हे बेट तांब्याच्या खाणीवरून दहा वर्षं पेटलेलं होतं. तिथं जमीन आईकडून लेकीकडं जाते. बायकाच जंगलात शिरून आपल्या पोरांशी बोलल्या. मग १९९७ च्या अखेरीला न्यूझीलंडच्या पुढाकारानं शेजारी देशांचं पथक आलं: ऑस्ट्रेलिया, फिजी, वानुआतूची माणसं, सैनिक आणि साधी माणसंही. त्यांच्यातल्या एकाकडंही हत्यार नव्हतं. गावोगाव जायचं, बसायचं, ऐकायचं. ऑगस्ट २००१ मध्ये करार झाला. शेजाऱ्यांची ही पथकं २००३ पर्यंत तिथं राहिली, बिनहत्यारी. तुंबा आणि तांदूळ घेऊन आलेली.

२०२५ च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर नक्षलवाद्यांचे नेते भूपती यांच्यासह साठेक जणांनी शस्त्रं खाली ठेवली. दूरदर्शनवर पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचंच होतं. त्यांच्या हातात संविधानाची प्रत दिली गेली. पुनर्वसनाची घरं आहेत, पैसे आहेत, काम आहे. पण शरण आलेले अनेक जण शहराजवळच राहतात. गावी जात नाहीत. गावात तो माणूस राहतो, ज्याच्या बापाच्या छातीवर चिठ्ठी होती.

दिवाळीनंतर मी धानोऱ्याकडच्या एका म्हातारीला भेटायला गेले. माझी जुनी शेजारीण, नोकरीच्या काळात तिनं मला लेकीसारखं सांभाळलं. तिचा पुतण्या फार वर्षांपूर्वी दलममध्ये गेला होता, आणि काही वर्षांपूर्वी शरण येऊन शहरात राहतो. त्याला गावी यायचं आहे, एकदा तरी, नवं धान देवाला दाखवायच्या दिवशी. तो दलममध्ये असताना चार कोसावरच्या गावातला एक माणूस मारला गेला. ह्याच्या हातून की दुसऱ्याच्या, कोण सांगणार. म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, पोलिसांना सांगून बंदोबस्तात आणता येईल. ती मान हलवून नाही म्हणाली.

"पयले तेईच्या घरी जा लागते," ती म्हणाली. "तेईनं वाढलं तं तो खाईन. मंग इथं."

तिची धाकटी लेक त्याच गावात दिलेली आहे. तिच्याकडं सांगावा धाडलाय म्हणाली, आणि सुपातला खडा निवडून बाजूला टाकला. अजून उत्तर आलेलं नाही.